उत्तरायणाचे दोन दिवस धाब्यावर (म्हणजे गच्चीवर): आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या हाती दोरी (बडोदा)

धाबाधिपती

जानेवारीच्या १४ला उत्तरायण (इथली पतंगांची संक्रांत), १५ला वासी म्हणजे शिळं उत्तरायण. पंचांगात संक्रांत १५ला गेली (२०२४मध्ये गेली होती) तरी बडोद्यात पतंग १४लाच चढतात. त्यामुळे सुट्टीची आखणी आधीपासून करता येते, आणि गाव सोडून कुठे जायची गरज नसते.

तरी बहुतेक धाब्यांवर तेच चित्र. दोघे उडवतात, एखादा पुतण्या नाइलाजाने फिरकी (दोरीची चक्री) धरून उभा असतो, आणि बाकीचं घर अकराच्या आत खाली उतरलेलं असतं. मुलं मोबाइलवर, बायका ओट्यापाशी, आजोबा पेपरात. कारण सरळ आहे: ज्याच्या हाताला काही नाही तो उन्हात उगाच का बसेल?

म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

पहिली, धाब्यावर कामं पुष्कळ असतात, ती मोकळी करा. उडवणं हे त्यातलं एक. फिरकी धरणं, छूट देणं (पतंग लांब धरून वाऱ्यावर सोडणं), किन्ना (कन्नी) बांधणं, फाटलेले पतंग चिकटवणं, आणि "डावीकडून लाल येतोय" असं ओरडणारी टेहळणी ही बाकीची. शेवटचं काम खुर्चीत बसून करता येतं आणि ते करणारा तरबेज असेल तर निम्मे पेच तोच जिंकून देतो.

दुसरी, पतंग कापला गेला की हात बदल. ज्याचा गेला त्याने दोरी पुढच्याला द्यायची आणि स्वतः फिरकी धरायची. एवढ्या एका नियमाने भांडणं मिटतात, शिवाय हरण्याचं दुःखही कमी होतं, कारण आपला गेला म्हणजे वहिनीची पाळी आली. जो तासभर कापला जात नाही त्याला मात्र 'नऊ कापले की सोड' अशी मर्यादा घाला, नाहीतर घरातला एक वस्ताद दोन्ही दिवस गिळतो.

आता जागेचं. जानेवारीत आपल्याकडे वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून असतो, म्हणजे पतंग दक्षिणेला जातो. याच दिवसांत दुपारी सूर्यही दक्षिणेलाच, क्षितिजापासून जेमतेम ४६ अंशांवर, म्हणजे नेमका पतंगाच्या मागे. टोपी आणि गॉगल हे इथे चैनीचे नाहीत, मुलांनाही द्या. दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. खेच मारताना माणूस मागे सरकतो, म्हणजे उत्तरेच्या कठड्याकडे, पाठ करून. सगळ्यांचं लक्ष पुढच्या कठड्याकडे असतं आणि धोका मागे असतो. उत्तरेच्या कठड्यापासून तीन-चार फुटांवर खुर्च्यांची रांग लावा किंवा सुतळी ताणा. पाठीला काहीतरी लागलं की पाय थांबतो. पाण्याच्या टाकीवर आणि जिन्याच्या छपरावर कुणीही चढायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा.

किन्ना, दोरी, खाणं यावर जाणकारांनी भर घालावी.

गुंदरपट्टी

किन्न्यावर लिहितो. तयार किन्ना बांधलेले पतंग मिळतात, पण ते घाईत बांधलेले असतात आणि चाळिसातले दहा-बारा नुसते गोल फिरतात. १३च्या रात्री घरी बसून बांधा. तीन माणसं हवीत: एक भोकं पाडणारा, एक दोरा कापणारा, एक गाठ मारणारा.

आधी पतंग निवडा. उभी काडी म्हणजे ढढ्ढा, आडवी वाकवलेली ती कमान. पतंग डोळ्यासमोर आडवा धरून कमानीची दोन्ही टोकं पाहा. एक बाजू जास्त वाकली असेल तर तो पतंग आयुष्यभर एकीकडेच झुकणार. ढढ्ढा हलक्या हाताने वाकवून पाहा. गाठीवर करकरला तर बाजूला ठेवा, तो मुलांच्या चित्रकलेला उपयोगी.

वरची भोकं ढढ्ढा आणि कमान जिथे एकमेकांना छेदतात तिथे, तिरकी समोरासमोर दोन, म्हणजे दोरा दोन्ही काड्यांना मिळून धरतो. खालची दोन ढढ्ढ्याच्या दोन्ही अंगांना, शेपटाच्या तिकोनी कागदापासून तीन-चार बोटं वर. भोक उदबत्तीच्या टोकाने पाडलं तर कागदाची कड जळून बंद होते आणि पुढे फाटत नाही. हे काम मोठ्या माणसाचं. दोरा साधा, बिनमांज्याचा आणि दुहेरी.

वरचा आणि खालचा दोरा एकत्र ताणून गाठ मारायची जागा ठरवा. सुरुवातीला दोन्ही सारखे, किंवा खालचा अर्धा बोट जास्त. मग उडवून पाहा:

– पतंग भोवऱ्यासारखा गरगरतो, वर चढत नाही: वरचा दोरा लांब झालाय. वरच्या बाजूला एक बारीक गाठ मारून तो आखूड करा. एका गाठीने साधारण पाव बोट कमी होतं, तेवढं पुष्कळ.
– नुसता फडफडतो, हाताला ओढ लागत नाही: वरचा दोरा फार आखूड. पतंग वाऱ्याला आडवा पडतोय, वारा धरतच नाही.
– सरळ चढतो पण कायम उजवीकडे कलतो: उजवी बाजू जड आहे. डाव्या कमानीच्या टोकाला दोऱ्याचे चार-पाच वेढे किंवा कागदाची चिमूटभर गुंडाळी बांधा.
– मध्येच गोता खातो आणि ढील दिली की सावरतो: पतंगात दोष नाही, उडवणारा सतत ओढतोय. खेचलं की पतंगाचं तोंड ज्या दिशेला असेल तिकडे तो धावतो. ढील दिली की तोंड फिरतं. तोंड वर आलं की खेचा. उडवण्यातलं निम्मं शास्त्र एवढंच.

फाटलेल्या पतंगाला सेलोटेप लावू नका. ती जड असते आणि उन्हात सुटते. गुंदरपट्टी (डिंक लावलेली कागदी पट्टी) किंवा भाताची शितं आणि पतंगाचाच कागद. शितं चोळून लावायचं काम पाच वर्षांच्या मुलालाही जमतं आणि ते त्यात रमतातही.

पुणेरी_पाहुणी

छान धागा! बडोद्यातलं पहिलंच उत्तरायण आहे. गोत्रीकडे सोसायटीची सामाईक गच्ची, मुलगा सहा वर्षांचा, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मांज्याची भीती वाटते, लहान मुलाच्या हातात कुठला दोरा द्यायचा? आणि किती सामान आणायचं? दुकानदार विचारतो "कितने वार?" आणि काही सुचत नाही.

मांजलपूरकर

वार म्हणजे यार्ड, तीन फूट. सहा-आठ माणसांच्या घराला दोन दिवसांसाठी २५०० वारांची एक फिरकी आणि मुलांसाठी १००० वार साधा सुती दोरा भरपूर झाला. पतंग कोडीवर मिळतात, कोडी म्हणजे २०. दोन कोड्या घ्या. बाजार मांडवी-गेंडीगेटकडे भरतो. १२ तारखेच्या आधी आणि सकाळी जा, नंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

दोऱ्यात तार मोजतात, सहा तार, नऊ तार, बारा तार. जितके तार जास्त तितका दोरा जाड आणि दणकट, पण जडही. मोठ्या पतंगाला नऊ तार ठीक. छोट्या पतंगाला नऊ तार लावला की हलक्या वाऱ्यात दोऱ्याच्या वजनानेच पोट पडतं, दोरी मधे लोंबते आणि शेजारच्या अँटेनात अडकते.

मांजा म्हणजे सुती दोऱ्यावर भाताची खळ, काचेची भुकटी आणि रंग यांची लुगदी चढवलेली. सहा वर्षांच्या हातात हा द्यायचाच नाही. त्याला पूर्ण साधा दोरा, छोटा पतंग आणि पतंगाला शेपटी. जुन्या ओढणीची बोटभर रुंद पट्टी, पतंगाच्या उंचीच्या चार-पाच पट लांब. शेपटीने पतंग आळशी होतो, गोते खात नाही, एका जागी तरंगत राहतो. मुलाला तेवढंच हवं असतं.

नायलॉनचा, ज्याला चायनीज म्हणतात तो, अजिबात घेऊ नका. २०१७मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली आहे. तो तुटत नाही हाच त्याचा दोष. सुती दोरा ताण आला की तुटतो. नायलॉन आधी ताणला जातो आणि मग गळ्यात, पंखात रुततो. ओळखायची खूण: टोक पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होते, नायलॉन वितळून गोळी बनते. काचेच्या मांज्याबद्दल पोलिसांचा जाहीरनामा दरवर्षी निघतो, तो वाचूनच खरेदी करा.

बोटांना कापडी चिकटपट्टी, दोन्ही हातांच्या तर्जनीच्या मधल्या आणि टोकाच्या पेरावर, आणि चढवायच्या आधी. कापल्यावर लावलेली घामाने सुटते.

दुचाकीवर हे दोन दिवस मुलाला पुढे उभं करून नेऊ नका. हँडलला लावायची उलट्या यू आकाराची सळी रस्त्यावर मिळते, ती बसवा, आणि गळ्याला जाड मफलर. शक्यतो गाडीच काढू नका, सुट्टी घरी काढायची आहे ना.

ढील_दे

साध्या दोऱ्याचं पटत नाही. आजूबाजूला सगळे मांज्याने उडवतात, साधा दोरा दोन मिनिटांत कापला जातो आणि मूल रडतं. मग कसला आनंद?

मांजलपूरकर

@ढील_दे, कापला जातो तो उंच गेल्यावर. मुलाचा पतंग ३०-४० वारांच्या वर जाऊ देऊ नका. पेच लागतात ते त्याच्या वर. शिवाय साध्या दोऱ्याच्या पतंगाला बहुतेक धाब्यांवरून सोडून देतात, शेपटी दिसली की कळतंच लहान मूल आहे. सकाळी साडेआठ ते दहा हा मुलांचा वेळ ठेवा. तेव्हा आकाशात गर्दी कमी आणि वारा मंद असतो. ऊन चढून जमीन तापली की वर-खालच्या हवेची घुसळण सुरू होते आणि वारा वाढतो. साडेदहा-अकरापासून मोठ्यांचा खेळ.

रावपुऱ्याची_सून

धाबाधिपती, तुमच्या यादीत स्वयंपाकाचं काम नाही, म्हणजे ते आपोआप होतं असं धरलंय. होत नाही. घरातल्या निम्म्या माणसांचं उत्तरायण कढईसमोर जातं, आणि त्याला 'हात बदल' लागू नाही! म्हणून वेळापत्रक उलटं लावा: १४च्या सकाळी नऊनंतर संध्याकाळपर्यंत गॅस पेटवायचा तो फक्त चहाला.

१३ला भोगी. भोगीच्या मिसळीच्या भाजीला लागणारी वांगी, पापडी, गाजर, ओले हरभरे आणि उंधियूची भाजी एकाच फेरीत खंडेराव मार्केटमधून आणा, १२च्या सकाळी. १३ला भाव चढतात आणि पापडी जून मिळते.

१२लाच तिळाच्या वड्या-लाडू उरकून घ्या. मऊ लाडवाला साधा गूळ, चिकीचा नाही. २५० ग्रॅम भाजलेले तीळ, २५० ग्रॅम गूळ, १२५ ग्रॅम दाण्याचं कूट, अर्धी वाटी सुकं खोबरं, चमचाभर तूप, वेलदोडा. सुपारीएवढे तीस-बत्तीस लाडू होतात. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाका: बोटांत मऊ गोळी वळली की गॅस बंद. टणक होऊन 'टक्' वाजली तर तो चिकीचा पाक, लाडू खलबत्त्यात घालावे लागतील. वळता वळता मिश्रण गार होऊन सुटायला लागलं तर चमचाभर पाणी शिंपडून मंद आचेवर मिनिटभर ठेवा. वळायला घरातले सगळे बसवा, कारण वेळ हातात पाचच मिनिटं असतो. एकट्या बाईने बत्तीस लाडू वळायचे म्हणजे शेवटचे दहा दगड.

गुळाची पोळी १३ला. ती गारच खायची, चार-पाच दिवस टिकते, हाताने धरून खाता येते, सांडत नाही. धाब्यासाठी याहून सोयीचा पदार्थ नाही. १५-१६ पोळ्यांना अर्धा किलो मऊ पिवळा गूळ किसून, पाव वाटी तेलावर खमंग भाजलेलं अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी तिळाचं कूट, दोन चमचे भाजून कुटलेली खसखस, वेलदोडा-जायफळ. पारीला दोन वाट्या कणीक, एक वाटी मैदा, दोन चमचे बेसन, पाव वाटी कडकडीत मोहन. पीठ घट्ट भिजवून तासभर ठेवा.

पोळी फुटते ती दोन कारणांनी. गुळात खडा राहिला की तो पारी फाडतो आणि तव्यावर वितळून बाहेर येतो, म्हणून गूळ तळहाताने मळून एकजीव करा. दुसरं, गूळ मऊ आणि पीठ घट्ट (किंवा उलट) असेल तर लाटताना एक पुढे पळतो, एक मागे राहतो. दोन्ही दाबून सारखेच लागले पाहिजेत. दोन पाऱ्यांमध्ये गुळाची चकती ठेवून कडा दाबा, तांदळाच्या पिठीवर लाटा, गूळ कडेपर्यंत गेला नसेल तर कातण्याने कड कापून टाका. आच मध्यमहून कमी. लाटणारी एक, भाजणारा एक, आणि पोळ्या कागदावर एकेक सुट्या पसरणारं एक मूल. गरम असताना एकावर एक ठेवल्या तर वाफेने चिकटतात.

ढील_दे

मांजलपूरकर, शेपटीचं मान्य. पण मग आमच्यासारख्यांनी शेपटीवाल्याला सोडायचं हेही धाग्यात ठळक लिहा.

चिमटीभर_ओवा

उंधियूची जबाबदारी माझी. आठ जणांना: सुरती पापडी ५०० ग्रॅम, तुरीचे ओले दाणे वाटीभर, जांभळा कंद (बाजारात रतालू म्हणून मिळतो) २५०, रताळी २५०, लिंबाएवढे बटाटे २५०, छोटी वांगी २५०, दोन कच्ची केळी, मेथीची मोठी जुडी मुठियांसाठी (मेथी-पिठाचे तळलेले मुटके). वाटणाला ओला लसूण पातीसकट, आलं, हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची जुडी, एक नारळ, तीळ. तेल वाटीभर लागतंच. कमी तेलाचा उंधियू म्हणजे मिक्स भाजी.

पापडी ओवा आणि चिमूटभर सोडा घालून आधी एकटी वाफवा. सोडा चिमटीपेक्षा जास्त झाला तर रंग फार हिरवा पण पापडीचा लगदा. कंद सगळ्यात उशिरा शिजतो, तो आणि बटाटे आधी तळून घ्या, नाहीतर वांगी विरघळतात आणि कंद कच्चाच. मुठिया शेवटच्या दहा मिनिटांत; आधी घातल्या की सगळा रस पितात आणि फुटतात. डाव घालून ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवायचं.

तळणं आणि वाटण १३च्या रात्री, एकत्र करणं १४ला सकाळी साडेसात ते साडेआठ. जाड बुडाच्या पातेल्यात झाकून ठेवला तर एकपर्यंत कोमट राहतो आणि मुरतो.

आणि संध्याकाळी उंधियू पुन्हा गरम करून वाढू नका, कुणी खात नाही. बडोद्यात आहात, सेव उसळ करा. अर्धा किलो सुके पांढरे वाटाणे सकाळी आठला भिजत घाला, सहाला कुकरला तीन शिट्ट्या, तर्री वेगळी. कांदा, शेव, पाव जो तो आपल्या हाताने घेईल.

मोजडी

जिलेबी खाऊन दोरीला हात लावू नका रे कुणी. पाकाचे हात दोऱ्याला लागले की फिरकीत वेढे एकमेकांना चिकटतात आणि ऐन ढील देताना झटका बसून दोरी तुटते. फाफड्याच्या तेलाने उलट, दोरी बोटांतून सटकते. धाब्यावर बादली, मग आणि एक जुना पंचा ठेवा. पिण्याचं पाणी माणशी दीड लिटर आधीच वर नेऊन ठेवा, नाहीतर दर दहा मिनिटांनी कुणीतरी जिना उतरतं आणि परत येत नाही.

धाबाधिपती

रावपुऱ्याची_सून, बरोबर पकडलंत. स्वयंपाकालाही 'हात बदल' लागू, मूळ नियमात धरा.

@पुणेरी_पाहुणी, सासूबाईंसाठी: सोसायटीला लिफ्ट असली तरी शेवटचा जिना बहुतेक ठिकाणी चढावाच लागतो, तेव्हा दिवसातून एकदाच वर आणि एकदाच खाली असं धरून चाला. हाताची आणि उंच बैठकीची खुर्ची घ्या. प्लास्टिकच्या बुटक्या खुर्चीतून गुडघ्याला उठता येत नाही. सकाळी खुर्ची जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेला लावा. उत्तरेचा गार वारा भिंत अडवते आणि कोवळं ऊन मिळतं. साडेअकरानंतर तीच खुर्ची उत्तरेला न्या, तिथे खोलीची सावली पडते. त्यांच्या हाती टेहळणी आणि फिरकी.

फिरकी बसूनही धरता येते, पण नीट. दोन्ही टोकं सैल मुठीत, आडवी, दोरी उडवणाऱ्याच्या बाजूने सुटेल अशी. 'ढील' म्हटलं की मूठ सैल, 'लपेट' म्हटलं की गुंडाळायला लागायचं. गुंडाळताना दोरी मधोमध ढीग न करता डावीकडून उजवीकडे पसरवा; ढीग झाला की वरचे वेढे घसरून खालच्यांत रुततात आणि तिथेच गुंता. उडवणाऱ्याने भराभर ओढलेली दोरी पायाशी पडते, तिच्यावर पाय देऊ नका. गुंता झाला तर ओढू नका, मधून सैल करत जा. दोन मिनिटांत सुटला नाही तर कापून गाठ मारा, वेळ त्याहून मोलाचा.

सामाईक गच्चीवर आणखी एक: सोलर हीटरच्या पत्र्यांवर जुनी चादर टाका, काच फुटली की दोन दिवसांचा हिशेब महिनाभर चालतो. स्पीकर कुठल्या घराचा आणि किती वेळ हे १३लाच ठरवा. रात्री दहानंतर बंद, कायद्यानेही. खरं तर सकाळचे दोन तास स्पीकर लावूच नये. 'काइपो छे' (कापला!) ओरडायचं असतं आणि ते ऐकूही यायला हवं.

बिनपगारी

सुट्टीच्या दिवशी एवढं वेळापत्रक, जबाबदाऱ्या, नियम! ऑफिसच झालं की हे. वर जावं, उडवावं, भूक लागली की खावं.

रावपुऱ्याची_सून

@बिनपगारी, 'भूक लागली की खावं' यातलं खायला कुणी केलेलं असतं, तेवढंच वेळापत्रक आहे हे.

बिनपगारी

:) माझ्याकडे पाण्याच्या बाटल्या आणि पोळ्या भाजणं लागलं.

पाणकावळा

पक्ष्यांचं कुणी लिहिलं नाही. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात पतंग उतरवून ठेवा. पक्षी घरट्यातून निघतात आणि परततात ते याच वेळी. वनखात्याचं आवाहनही असंच असतं. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास असतो, म्हणजे शेवटचा तासभरच सोडायचा आहे. तो चहा, सेव उसळ आणि तिळगुळाला वापरा, तसंही त्या वेळी सगळे थकलेले असतात. अंधारात तुक्कल सोडू नका. पेटता कंदील कुणाच्या गच्चीवरल्या वाळवणावर पडेल याचा नेम नसतो.

जखमी पक्षी सापडला तर: अंगावर सुती कापड टाकून दोन्ही हातांनी अलगद उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. जखमेत रुतलेला मांजा ओढू नका, रक्तस्राव वाढतो. बाहेरची दोरी कात्रीने कापून चार बोटं तशीच सोडा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. लगेच १९६२ला फोन. राज्यात १० ते २० जानेवारी करुणा अभियान चालतं, त्या काळात पक्ष्यांसाठी खास सोय असते. माणसाला लागलं तर १०८.

विजेच्या तारेवर अडकलेला पतंग हा आपला नाही असं मुलांना आधीच सांगून ठेवा. काठी नाही, लंगर तर नाहीच. दोऱ्याला दगड बांधून फेकलेला लंगर दोन तारा एकत्र आणतो, आणि मग ऐन उत्तरायणाला गल्लीची वीज जाते, ती त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

पुणेरी_पाहुणी

सगळ्यांचे आभार, यादी छापून फ्रिजवर लावली. एक शंका: हळदीकुंकू आणि मुलाच्या धाकट्या बहिणीचं बोरन्हाण १४लाच करावं का? सगळे घरी असतात म्हणून विचारते.

रावपुऱ्याची_सून

नको. १४ला कुणी साडी नेसून खाली बसणार नाही, आणि बसली तरी कान वर. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, बोरन्हाणही. १५च्या दुपारी, एक ते चार, ऊन कडक आणि सगळे पेंगलेले असतात, तेव्हा बोरन्हाण छान होतं. बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, हलवा. लुटायला मोठी मुलं हवीत, ती वरून हाक मारली की येतात. बाळ तीन-चार वर्षांच्या आतलं असेल तर डोक्यावरून फक्त चुरमुरे ओता. आख्खं बोर, शेंगदाणा, हलव्याचा दाणा घशात अडकू शकतो, आणि त्या गर्दीत कुणाचं लक्ष नसतं. हलव्याचे दागिने घातल्यावर फोटो आधी, ओतणं नंतर. दागिने तासाभरात घामाने चिकट होतात.

गुंदरपट्टी

१६च्या सकाळचं राहिलं. धाबा, झाड, कुंडी, कठडा, डिशच्या तारा, जिथे हात पोचेल तिथली दोरी गोळा करा. मुलांना जुन्या वर्तमानपत्राची सुरळी द्या आणि तिच्यावर गुंडाळायला सांगा, ज्याची सुरळी जाड त्याला उरलेली गुळाची पोळी. मांजा असेल तिथे मोठ्यांनी, हातमोजे घालून. गोळा झालेली दोरी तशीच कचऱ्यात टाकू नका, गाई-कुत्र्यांच्या पायांत आणि पोटात जाते. कात्रीने वीतभराचे तुकडे करून बंद पिशवीत भरून द्या. झाडाच्या शेंड्यातली काढायला मुलांना चढवू नका, लांब काठीला आकडा बांधा.

मांजलपूरकर

फिरकी ठेवण्याबद्दल. उरलेली दोरी पुढच्या वर्षी चालते, पण १५च्या रात्रीचं दव लागलेली तशीच कपाटात टाकली तर लुगदीतल्या भाताला बुरशी धरते, आणि उंदीर-झुरळं तिच्यावर येतात. १६ला दोन तास उन्हात ठेवा, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी, तोंड बांधून माळ्यावर. पुढच्या डिसेंबरात पहिले पन्नासेक वार ओढून पाहा. हाताच्या झटक्याने तुटत असेल तर तेवढा भाग कापून टाका, आतला बहुतेक वेळा चांगला निघतो. उरलेले पतंग उभे ठेवू नका, कमान वाकडी होते. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये आडवे, पलंगाखाली.